दहा मीटर, अडीच मिलिमीटर आणि किराणावाल्याची वजनं

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून लोखंडी वजनं पोत्यांमागं धूळ खात पडली होती. एका रविवारी ती पिशवीत घालून मी घरी आणली. दुकानदारानं विचारलं, "गुरुजी, पुन्हा प्रयोगशाळा काढताय का?" वेळापुरात मी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे माझ्या कुठल्याही उद्योगाबद्दल लोकांना आता नवल वाटत नाही. काम निघालं होतं पुतणीचं. ती अकरावीला आहे आणि वर्षभरापासून दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. तिच्या जुन्या घेतलेल्या रायफलीला कंपनीतून बसून आलेला ट्रिगर जड आहे, असं तिचं म्हणणं. एकाकडून चांगला हलका ट्रिगर मिळत होता. "नाना, बदलायचा का नको?" एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, आधी तोलू.

छर्रा नाही हे तीनदा पाहिलं, रायफल ड्राय-फायरवर टाकली, नळी वर करून खांबाला टेकवली. ट्रिगरच्या पात्याला सुतळीचा फास घातला आणि खाली वजनं टांगायला सुरुवात केली. ५०० ग्रॅमला काहीच झालं नाही. किलोला पातं थोडं खाली आलं आणि थांबलं. १०० ग्रॅम वाढवलं, तरी तिथंच. आणखी ५० टांगलं आणि टक् आवाज आला. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा १ किलो १५० ग्रॅमच्या आसपास. पुतणीनं वहीत लिहिलं: ११५०.

आपल्याकडे बंदुकीच्या या भागाला चाप म्हणतात. भाषेची गंमत अशी की चाप ओढला की गोळी सुटते आणि चाप लावला की माणूस थांबतो. नेमबाजीच्या खेळात या चापावर किती वजन असावं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. दहा मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला किमान १ किलो, ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला किमान दीड किलो. एअर रायफल आणि ५० मीटर रायफल यांना मात्र खालची मर्यादाच नाही. त्यामुळे तिथले पट्टीचे खेळाडू ट्रिगर १०० ग्रॅमच्या आगेमागे ठेवतात. १०० ग्रॅम म्हणजे दहा रुपयांची तेरा नाणी. पुतणीच्या ट्रिगरवर तशी जवळजवळ दीडशे नाणी बसत होती. हा आकडा ऐकल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्न सुटलाच.

सुटला नव्हता. आधी ती मारते कशावर, ते पाहू.

दहा मीटरच्या निशाणावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. पेन्सिलीनं टिंब काढावं तेवढा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. त्याची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्‍याचं केंद्र मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडलं पाहिजे. पुढं दशांशाचा हिशोब आहे. १०.० पासून १०.९ पर्यंत प्रत्येक दशांशाला पाव मिलिमीटर. १०.९ हवे असतील तर केंद्र पाव मिलिमीटरच्या आत. ५० मीटर रायफलीत दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. तिथं दहासाठी ८ मिलिमीटरची आणि १०.९ साठी ०.८ मिलिमीटरची सूट.

मिलिमीटरमध्ये हे फार मोठं वाटत नाही. मुलांना वर्गात कोन शिकवताना मी नेहमी करायचो तेच इथं करू: रेषा लांब ओढू. वेळापूरच्या अलीकडे माउलींच्या पालखीत धावा होतो. इथल्या टेकाडावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकर्‍यांची श्रद्धा. त्या आठवणीनं आजही हजारो माणसं पताका सावरत उतारावरून पळत येतात. वेळापूर ते पंढरपूर सरळ रेषेत साधारण ३० किलोमीटर. आता एअर रायफलीच्या नळीतून निघालेली रेषा दहा मीटरवर न थांबवता तशीच ताणून पंढरपुरापर्यंत न्यायची. (गोळी एवढं जात नाही आणि तेवढ्या अंतरात जमिनीचा फुगवटाच मधोमध सतरा-अठरा मीटर येतो, हे मला ठाऊक आहे. ही ताणलेल्या दोरीची रेषा आहे.) दहा मीटरवरचे २.५ मिलिमीटर पंढरपुरात ७.५ मीटर होतात. म्हणजे वेळापुरात उभं राहून दहा मारणं हे पंढरपुरातल्या पंधरा मीटर रुंद वाड्यावर नेम धरण्यासारखं. आणि १०.९ मारणं म्हणजे दीड मीटर व्यासाचं वर्तुळ. बैलगाडीचं एक चाक. ५० मीटर रायफलीचं १०.९ त्याहून कडक: जेमतेम मीटरभर व्यास, जेवणावळीतल्या मोठ्या कढईएवढा.

हाच कोन रायफलीच्या बाजूनं बघितला तर आणखी धक्का बसतो. रायफल खांद्यापासून पुढच्या माशीपर्यंत (नळीच्या टोकाला नेम धरायची खूण असते तिथपर्यंत) ८० सेंटिमीटर धरली, तर दहा चुकायला माशी ०.२ मिलिमीटर हलली तरी पुरे. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली की तेवढी जाडी होते. १०.९ चुकायला त्याचा दहावा भाग. डोळ्याला एवढं बारीक दिसतं तरी कसं? शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे ओळखायची आपल्या नजरेची ताकद साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढी, म्हणजे ३० किलोमीटरवर जवळपास नऊ मीटर. चाक दूर राहिलं, अंगणात उभ्या दोन बैलगाड्याही वेगळ्या दिसायच्या नाहीत. पण रायफलीवर ठिपके मोजायचे नसतात. गोल माशीत काळं निशाण बसवायचं आणि भोवतालची पांढरी कडी सगळीकडून सारखी आहे का ते पाहायचं. दोन रेषा सरळ जुळल्या आहेत की नाहीत, कडी एका बाजूला जाड झाली का, हे ओळखण्यात डोळा स्वतःच्याच मर्यादेच्या दहापट बारीक काम करतो. पोळपाटावरची भाकरी गोल आहे का वेडी, हे आई पट्टी न लावता सांगते, त्यातलाच प्रकार.

एवढ्या अरुंद जागेत माणसं किती वेळा बसतात, त्याचे मराठी आकडे हाताशी आहेत. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी दहा मीटर एअर रायफलीत ४०० पैकी ४०० केले. चाळीस छर्रे, चाळिसांची केंद्रं अडीच मिलिमीटरच्या आत. दर वेळी दहा मारायची खात्री ९० टक्के असलेला नेमबाज चाळीसच्या चाळीस दहा ६८ सामन्यांतून एकदा मारेल. ८० टक्के खात्री असेल तर साडेसात हजार सामन्यांतून एकदा. शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा दहा मारणाराही तीनातल्या एका सामन्यात चुकेल. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या त्या ५० मीटर प्रोनमध्ये (पोटावर झोपून) ६०० पैकी ५९७ करून. साठ गोळ्यांत दहाच्या बाहेर गेलेल्या जास्तीत जास्त तीन.

आणि पॅरिस ऑलिंपिक. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या मातीतलं वैयक्तिक पदक. कौतुकाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मी त्या दिवशी वही घेऊन बसलो होतो. प्राथमिक फेरीत त्याचे ६०० पैकी ५९०, सातवा क्रमांक, म्हणजे अंतिम फेरीच्या आठ जागांतली शेवटून दुसरी. अंतिम फेरीत ४४ गोळ्यांत ४५१.४. भागाकार करा: गोळीमागं १०.२६. ५० मीटरवर एक गुण म्हणजे ८ मिलिमीटर, म्हणून त्याच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सहा मिलिमीटरच्या आत पडल्या. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून. सुवर्ण मिळवणार्‍या चीनच्या लिऊ युकुननं ४५ गोळ्यांत ४६३.६ केले, सरासरी १०.३०. दोघांच्या सरासरीतला फरक मिलिमीटरमध्ये काढला तर निघतो ०.३४. पन्नास मीटरवर, एका गोळीमागं, वहीच्या तीन-चार पानांएवढा. तेवढ्यानं पदकाचा रंग बदलतो. हे गणित मी पुतणीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते, ट्रिगर बदलायला पाहिजे." तिचा मुद्दा बिनतोड होता. मला ट्रिगरच्या आत शिरावं लागलं.

ट्रिगरच्या आत मुख्य गोष्ट एकच: पोलादाच्या दोन कडा एकमेकींवर टेकलेल्या. एका कडेमागं मुख्य स्प्रिंगचा जोर, दुसरी कडा तिला अडवून धरणारी. नेमबाज पातं ओढतो तशी दुसरी कडा सरकत जाते आणि टेकण संपलं की स्प्रिंग सुटते. हे टेकण किती? चांगल्या ट्रिगरमध्ये पाव ते अर्धा मिलिमीटर. समजा ०.४ मिलिमीटर आणि कडेची रुंदी ६ मिलिमीटर. टेकणाचं क्षेत्रफळ २.४ चौरस मिलिमीटर झालं. स्प्रिंगचा जोर ९ किलो धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ३७५ किलोचा दाब येतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन किलोचा असतो. तांदळाच्या दाण्याहून लहान पायरीवर टायरच्या दीडशेपटीहून जास्त दाब, आणि तो बोटाच्या १०० ग्रॅमनं हलवायचा. नव्वदाला एक असं हे प्रमाण. ते साधतं दोन युक्त्यांनी. आरशासारख्या घासलेल्या पोलादावर घर्षण दाबाच्या दहाव्या भागावर येतं, म्हणजे नऊ किलोखालची कडा सरकवायला ९०० ग्रॅम. मग एक तरफ मध्ये घातली की ९०० चे १००. स्वस्त ट्रिगरमध्ये घासकाम खरबरीत असतं. बिचकून सुटू नये म्हणून टेकण मुद्दाम जास्त ठेवतात. मग बोटाला वाटेत दाणे लागतात, खडखडीत रस्त्यावर सायकल चालवल्यासारखे.

एवढ्या बारीक पायरीशी खेळ म्हणजे जोखीम आहे, आणि ती कारखान्यालाही चुकत नाही. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीनं २०१४ साली आपल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफलींचे एक्स-मार्क-प्रो ट्रिगर परत मागवले. मे २००६ ते एप्रिल २०१४ या आठ वर्षांतले. कारण काय, तर जोडणी करताना वापरलेलं चिकटद्रव्य काही ट्रिगरमध्ये गरजेपेक्षा जास्त गेलं होतं आणि त्यामुळे बोट न लावता गोळी सुटण्याचा धोका होता. थेंबभर डिंकापायी आठ वर्षांचं उत्पादन! म्हणून कंपनीचा ट्रिगर म्हणजे विश्वासाचा आणि बाहेरचा म्हणजे धोक्याचा, हे समीकरण मला पटत नाही. उलटंही पटत नाही. हलका ट्रिगर बसवला की रायफल आपटून, हलवून, पुन्हापुन्हा तपासावी लागते, आणि ते काम ज्याच्या हाताला त्याची सवय आहे त्याचंच. यावर मी पुतणीशी वाद घातला नाही, हुकूम दिला.

पण जड ट्रिगरनं नेमकं बिघडतं काय? ओढण्याची दिशा. बोट कधीच नाकासमोर सरळ मागं येत नाही. समजा पाच अंश बाजूला गेलं. पाच अंशांचा साइन ०.०८७. १०० ग्रॅमच्या ट्रिगरवर बाजूचा ढकला होतो ८.७ ग्रॅम, दहाच्या एका नाण्याहून किंचित जास्त. ११५० ग्रॅमच्या ट्रिगरवर तोच ढकला १०० ग्रॅम. म्हणजे चांगल्या ट्रिगरला ओढायला जेवढं बळ लागतं तेवढं पुतणीचं बोट चुकून, न कळत, रायफलीला बाजूला ढकलायला वापरत होतं. आणि माशी ०.२ मिलिमीटर हलली की दहा गेले, हे वर आलंच आहे. या ठिकाणी मी स्वतःच जवळजवळ हरलो होतो.

वेळेचा मुद्दा मात्र तिच्या विरुद्ध गेला. नव्या ट्रिगरची जाहिरात "लॉक टाइम"वर असते: कडा सुटल्यापासून मार बसेपर्यंतचा वेळ. उत्तम रायफलीत तो दोनेक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. साध्या रायफलीत तीन किंवा जास्त. हा एक-दीड मिलिसेकंद वाचवायला लोक खूप पैसे मोजतात. आता माणसाचा वेळ पाहा. डोळ्याला "आता बरोबर आहे" असं दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात. दोन मिलिसेकंदांना एक दिवस म्हटलं तर माणसाची ही दिरंगाई शंभर दिवसांची होते. आळंदी ते पंढरपूर वारी साधारण वीस दिवसांची. म्हणजे ट्रिगर एक दिवस चालतो, त्या वेळात नेमबाजाच्या डोक्यात पाच वार्‍या होतात. नेम निशाणावर सेकंदाला २० मिलिमीटर वेगानं सरकत असेल तर दोन मिलिसेकंदांत तो सरकतो ०.०४ मिलिमीटर, आणि दोनशेत ४ मिलिमीटर. पहिल्या आकड्यानं काही होत नाही, दुसर्‍यानं दहाचे नऊ होतात. म्हणून मुरलेले नेमबाज "दिसलं की ओढ" असं करत नाहीत. ट्रिगरच्या ओढीचा पहिला टप्पा आधीच घेऊन ठेवतात, दाब हळूहळू वाढवत जातात आणि गोळी कधी सुटली याचं त्यांनाच थोडं आश्चर्य वाटतं. झटका मारून ओढणार्‍याला प्रशिक्षक ओरडतात ते यासाठी.

मग हिशोब वहीत मांडला. इथं शाळेतलं सगळ्यात जुनं प्रमेय कामाला येतं. दोन स्वतंत्र चुकांची साधी बेरीज होत नाही, त्या पायथागोरसच्या त्रिकोणासारख्या जुळतात: वर्ग करायचे, मिळवायचे, वर्गमूळ काढायचं. पुतणीच्या निशाणांवरून मी तिच्या अंगाच्या डुलण्याची चूक ४ मिलिमीटर धरली. ट्रिगरची चूक काढायला तिला रिकामी रायफल धरून वीस वेळा चाप ओढायला लावला आणि टक् होताना माशी किती उडते ते तिनंच सांगितलं. त्या अंदाजानं १.५ मिलिमीटर धरली. १६ अधिक २.२५ म्हणजे १८.२५, त्याचं वर्गमूळ ४.२७. आता असा ट्रिगर आणा की ज्याची चूक शून्य. असा ट्रिगर जगात नाही, पण आणा. उरले ४. फायदा सहा टक्क्यांचा.

तोच ट्रिगर अव्वल नेमबाजाला द्या, ज्याची अंगाची चूकही १.५ च आहे. आधी २.१२, नंतर १.५. फायदा २९ टक्क्यांचा. वस्तू एक, किंमत एक, फळ पाचपट वेगळं. ट्रिगर बदलावा का, या प्रश्नाचं उत्तर ट्रिगरमध्ये नसून ओढणार्‍याच्या अंगात आहे, हे कागदावर इतकं स्वच्छ उतरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पुतणी मात्र गणितात माझीच चेली. तिनं सहा टक्क्यांचे गुण करून दाखवले. साठ छर्‍यांच्या सामन्यात जुन्या ट्रिगरवर अंदाजे ५३१, नव्यावर ५३९. "आठ गुण कमी हायत का, नाना?" कमी नाहीत. पण तिच्या पातळीवर छर्रे जसे विखुरतात त्यावरून काढलं, तर काहीही न बदलता तिचा सामन्यागणिक स्कोअर आठ-नऊ गुणांनी सहज वरखाली होणार. आज ५२३, परवा ५४०, रायफल तीच, बोट तेच. म्हणजे नव्या ट्रिगरनं पहिल्याच दिवशी ५४० झाले तर ट्रिगरला हार घालायचा, आणि ५२५ झाले तर विकणार्‍याला शिव्या द्यायच्या, दोन्ही तितकंच निराधार. फरक खरा की नशिबाचा हे ठरवायला किती सामने लागतील? सूत्र चालवलं तर प्रत्येक ट्रिगरवर नऊ. नऊ गुणिले साठ, गुणिले दोन: १०८० छर्रे. सामन्याची वेळ सव्वा तासाची, म्हणजे साडेबावीस तास नुसतं उभं राहून मारणं. लोक पाच छर्‍यांचा एक ग्रुप जुन्या ट्रिगरवर, पाच नव्यावर मारून निकाल देतात. पाच-पाच छर्‍यांच्या तुलनेत ३२ टक्क्यांची चूक तशीच बसलेली असते. सहा टक्के त्यात शोधणं म्हणजे उसाच्या ट्रॉलीवर पायलीभर ज्वारी टाकून वजनकाट्यावर फरक बघणं.

आणि अंगाची चूक ४ वरून ३ वर आणली, ट्रिगर जुनाच ठेवला, तर? ९ अधिक २.२५, वर्गमूळ ३.३५. साठ छर्‍यांत सत्तावीस गुण. हा आकडा पाहून ती गप्प बसली. मलाही तो थोडा जास्त वाटला म्हणून पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

सरावाचा आवाका सांगायचा मोह आवरत नाही. रोज दोनशे छर्रे, वर्षाला तीनशे दिवस: साठ हजार. एक छर्रा अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड, वर्षाचं शिसं ३२ किलो. पण ऊर्जा? एका छर्‍यात साधारण साडेसात ज्यूल. साठ हजारांचे साडेचार लाख ज्यूल, म्हणजे १०७ किलोकॅलरी. तीसेक ग्रॅम ज्वारीच्या पिठाची आपली पातळ कडक भाकरी तेवढीच देते. वर्षभर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये चाललेला तो फटफटाट, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत चपटं झालेलं ते सगळं शिसं, एका भाकरीवर भागतं! बोटाचं काम तर त्याहून क्षुल्लक. १०० ग्रॅमचा ट्रिगर दोन मिलिमीटर ओढायचा, साठ हजार वेळा: सारं मिळून १२० ज्यूल. बारा लिटरची एक बादली मीटरभर उचलली की झालं. तिच्या ११५० ग्रॅमच्या ट्रिगरवर, ओढ तीन मिलिमीटर धरून, सतराएक बादल्या. आमची आजी हे काम सकाळच्या चहाआधी उरकायची.

शेवटी ठरलं ते असं. ट्रिगर आत्ता बदलायचा नाही. कंपनीनंच दिलेल्या स्क्रूनं, जाणकाराकडून, जेवढा सुरक्षितपणे हलका होतो तेवढा करून घ्यायचा. तो झाला ८०० ग्रॅमपर्यंत, तेही पुन्हा वजनं टांगून पाहिलं. मग जुन्याच ट्रिगरवर नऊ सामने, प्रत्येकाची नोंद वहीत, आणि रोज अर्धा तास रिकामी रायफल. नऊ झाले की पुन्हा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. त्या वेळी अंगाची चूक ३ च्या खाली आली असेल तर पैसे मी देणार, असंही कबूल केलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

काल सहावा सामना झाला. ५४४. त्याआधीचा ५२९ होता, त्यामुळे दोघांनीही फार उड्या मारल्या नाहीत. संध्याकाळी किराणावाला भेटला. वजनं परत कधी देताय म्हणून विचारत होता. म्हटलं, अजून तीन सामने.